चक्कर माहेरची की सासरची?

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी नववीत, वय १४. मार्चमध्ये शाळेच्या प्रार्थनेला उभी असताना कोसळली. पडल्यावर हात दोन-चारदा झटकले, म्हणून शाळेने 'फिट आली' असं सांगितलं. मेंदूचा एमआरआय आणि ईईजी काढले, दोन्ही नॉर्मल. तरी फिटची गोळी सुचवली गेली आहे, अजून सुरू केलेली नाही. आईला स्वतःला रक्त तपासायला देताना भोवळ येते. आजीला, म्हणजे आईच्या आईला, तरुणपणी उपवासाच्या दिवशी देवळाच्या रांगेत घेरी यायची. सासूबाई म्हणतात, "आमच्याकडे कधी कुणी असं पडलं नाही, हे तुझ्या माहेरचं." शेवटी एक ओळ: मुलीचे काका १९व्या वर्षी गावच्या विहिरीत बुडून गेले, पट्टीचे पोहणारे होते, घरात त्यावर कुणी बोलत नाही. मुलीला सुटीत स्विमिंगच्या क्लासला घातलं आहे. चक्कर आनुवंशिक असते का, आणि आणखी काही तपासायला हवं का?

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. मुलीची प्रार्थनेतली चक्कर बहुतेक तुमच्याच बाजूची आहे आणि ती जिवावर बेतणारी नाही. एवढ्यापुरतं सासूबाईंचं म्हणणं खरं. पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या शेवटच्या ओळीवर मी अडलो आहे, आणि ती ओळ सासरची आहे. पट्टीचा पोहणारा मुलगा रोजच्या विहिरीत बुडतो कसा? याचा छडा लागेपर्यंत मुलीला पाण्यात पाठवू नका. शाळेची धावण्याची स्पर्धाही तोवर राहू द्या. आणि या आठवड्यातच तिचा ईसीजी काढून घ्या. एमआरआय झाला, ईईजी झाला आणि काहीशे रुपयांचा ईसीजी तेवढा राहून गेला, हे मी तीस वर्षं बघत आलो आहे. माणूस पडला की सगळे त्याच्या डोक्याकडे धावतात, छातीकडे बघायचं कुणाला सुचत नाही.

आपल्याकडे 'चक्कर' या एका शब्दात पाच-सहा दुखणी कोंबलेली असतात. खोली गरगर फिरते ती बहुतेक वेळा कानाची. चालताना तोल जातो ती वेगळी. अशक्तपणाने हातपाय गळाले तरी आपण चक्करच म्हणतो. मी इथे बोलतोय ते फक्त शुद्ध हरपून पडण्याबद्दल आणि मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप शुद्धीवर येण्याबद्दल. हे घडतं ते मेंदूला काही सेकंद पुरेसं रक्त न मिळाल्यामुळे. का मिळालं नाही, हा खरा प्रश्न. नळाला पाणी आलं नाही तर पाइपात दाब नाही की पंपच बंद पडलाय, हे आधी बघावं लागतं. तुमच्या माहेरी दाबाची भानगड दिसते. सासरी पंपाची असू शकेल.

माहेरापासून सुरू करू. आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं, ठोके थोडे वाढवतं आणि दाब सांभाळून घेतं. काही जणांत मात्र ऊन, भूक, ताटकळणं, रक्त दिसणं असं एखादं निमित्त झालं की ही व्यवस्था ऐन वेळी उलटी वागते. ठोके मंदावतात, वाहिन्या सैल पडतात, दाब धाडकन उतरतो. आधी जांभया, मळमळ, गार घाम, कानात गुंगी, डोळ्यांसमोर अंधारी. मग माणूस पांढराफटक पडून कोसळतो. आडवा झाला की रक्त परत डोक्याकडे येतं आणि डोळे उघडतात. डॉक्टर याला व्हेसोवेगल सिंकोपी म्हणतात. इथे पडणं हाच शरीराने शोधलेला इलाज आहे, म्हणून पडलेल्याला उचलून खुर्चीत बसवणं, चौघांनी धरून उभं करणं हे सगळ्यात चुकीचं. कांदा आणि चप्पल हुंगवून कुणी लवकर शुद्धीवर येत नाही. तेवढा वेळ आडवं पडून मिळतो म्हणून कांद्याला श्रेय मिळतं. आडवं ठेवा, पाय उशीवर किंवा दप्तरावर उंच करा, गर्दी हटवा. पाणी पूर्ण शुद्धीवर आल्यावरच पाजा.

हे घराण्यात चालतं का? चालतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१२ साली जुळ्यांच्या ५१ जोड्यांचा अभ्यास मांडला. एकाच बीजापासून झालेल्या, हुबेहूब जुळ्यांत दोघांनाही घेरी येण्याचं प्रमाण इतर जुळ्यांपेक्षा बरंच जास्त होतं. घर, जेवण, शाळा दोन्ही प्रकारच्या जुळ्यांत सारखीच असते, तेव्हा उरलेला फरक जनुकांच्या खात्यावर जातो. पुढे डेन्मार्क आणि ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या जनुकीय नोंदी चाळल्यावर दुसऱ्या गुणसूत्रावरची एक जागा घेरीशी जोडलेली सापडली. तरी घेरीचं म्हणून एकच जनुक नाही. अनेक बारीकसारीक गोष्टी मिळून एक प्रकृती तयार होते. ती वारशाने येते, निमित्त मात्र दर वेळी बाहेरून यावं लागतं.

आता यातली मेख. जन्मात एकदा तरी शुद्ध हरपून पडलेली माणसं शंभरातली पस्तीस-चाळीस असतात. पहिली घेरी बहुतेकांना पंधराच्या आसपास येते, मुलींना जास्त. म्हणजे लग्नाच्या कुठल्याही पंगतीत विचारलंत तरी प्रत्येक घरातून एक-दोन हात वर होतील. त्यामुळे 'आमच्यात तिघींना चक्कर येते' एवढ्याने आनुवंशिकता सिद्धही होत नाही आणि काळजी करण्याचं कारणही मिळत नाही. शिवाय घराकडून फक्त जनुकं येत नाहीत, सवयीही येतात. सकाळी चहा-बिस्किटावर बाहेर पडणं, चतुर्थी-एकादशीला पाण्यालाही हात न लावणं हे आईचं बघून मुली करतात. आणि एक गोष्ट शाळेचे शिक्षकही सांगत नाहीत: कित्येक मुली शाळेत पाणीच पीत नाहीत, कारण तिथलं स्वच्छतागृह वापरण्याजोगं नसतं. सकाळपासून कोरडी असलेली मुलगी मार्चच्या उन्हात वीस मिनिटं 'सावधान'मध्ये उभी केली तर कुठल्या घराण्यातली आहे हे विचारायची गरज पडत नाही. तिचं हिमोग्लोबिन तेवढं बघून घ्या. पाळी सुरू झालेल्या मुलींत ते कमी सापडतं, आणि रक्त कमी असलं की घेरीला निमित्त पुरतं.

तुमची स्वतःची भोवळ मात्र थोडी वेगळी आहे. रक्त, सुई, जखम यांची भीती ही सगळ्या भीतींतली सर्वांत घराण्याने चालणारी. अशा माणसाच्या सख्ख्या नात्यात दुसरं कुणीतरी तसंच असतं, बऱ्याचदा आई किंवा वडीलच. बाकी कुठल्याही भीतीत, म्हणजे पालीच्या, उंचीच्या, काळोखाच्या, छाती धडधडत राहते आणि दाब चढतो. या एकाच भीतीत तो क्षणभर चढून मग कोसळतो. यावर स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात एक साधा उपाय बसवला. हाताच्या मुठी, मांड्या आणि पोट एकदम आवळून धरायचं, चेहरा गरम लागेपर्यंत, साधारण दहा-पंधरा सेकंद. मग सैल सोडायचं, पण अगदी गळून जाऊ द्यायचं नाही. अर्ध्या मिनिटाने परत. असं पाच वेळा. घरी आठवडाभर सराव करा आणि पुढच्या वेळी लॅबमध्ये झोपूनच रक्त द्या. ज्या हातातून रक्त काढतात तो तेवढा सैल ठेवायचा. लॅबवाला हसला तर हसू द्या.

हात झटकल्याचं तुम्हाला जास्त लागलेलं दिसतंय. १९९४ साली जर्मनीत डॉक्टरांनी निरोगी तरुण स्वयंसेवकांना मुद्दाम घेरी आणून त्याचं चित्रीकरण केलं. पूर्ण बेशुद्ध पडलेल्या ४२ जणांपैकी ९० टक्के जणांचे हातपाय झटकले. त्यांतल्या कुणालाही मिरगी नव्हती. मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडलं की असे झटके येतात, दोन-चार सेकंद, फार तर दहा-पंधरा, आणि लगेच माणूस भानावर येतो. मिरगीत झटके सहसा मिनिटभर तरी चालतात, जीभ कडेने चावली जाते आणि नंतर बराच वेळ माणूस भांबावलेला असतो, घरच्यांनाही ओळखत नाही. तुमच्या मुलीने डोळे उघडताच 'माझं दप्तर कुठे' विचारलं असं तुम्ही लिहिलंय. ही मिरगीची भाषा वाटत नाही. फिटच्या गोळीचा निर्णय न्यूरॉलॉजिस्टना हा सगळा तपशील आणि ईसीजी दाखवून घ्या. इतर कुणी हे वाचत असेल आणि गोळी आधीच चालू असेल, तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये.

इथवर सासूबाई जिंकल्या. आता विहिरीकडे येऊ.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेवर चालतो. ठोका पडून गेला की स्नायूने पुन्हा चार्ज व्हायचं, मग पुढचा ठोका. हे चार्जिंग पेशींच्या भिंतीतल्या बारीक वाटांतून पोटॅशियम, सोडियम यांची ये-जा होऊन होतं. काही घराण्यांत या वाटा बनवणाऱ्या जनुकातच दोष असतो आणि चार्जिंगला वेळ लागतो. ईसीजीवर क्यूटी नावाचं अंतर त्यामुळे लांबतं, म्हणून नाव लाँग क्यूटी सिंड्रोम. एरवी माणूस ठणठणीत. हृदयाचा आकार नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल. पण चार्जिंग अर्धवट असताना पुढचा ठोका आदळला की हृदय आकुंचन सोडून नुसतं थरथरू लागतं, रक्त पुढे जात नाही, आणि माणूस पाच-दहा सेकंदांत कोसळतो. थरथर आपोआप थांबली तर लोक म्हणतात चक्कर आली होती. नाही थांबली तर तो गेला. साधारण दोन हजारांत एकाला हा दोष असतो. म्हणजे मध्यम आकाराच्या तालुक्यात शंभराच्या घरात माणसं, आणि त्यांतल्या बहुतेकांना पत्ता नसतो.

विहिरीचा संबंध इथे येतो. या रोगाचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि प्रत्येकाची कोसळण्याची वेळ ठरलेली आहे. पहिल्या प्रकारात, जिथे केसीएनक्यू१ नावाच्या जनुकात दोष असतो, धोका धावताना आणि त्याहून जास्त पोहताना. गार पाण्यात सूर मारणं हे या हृदयाला सगळ्यात महाग पडतं. दुसऱ्या प्रकारात अचानक आलेला आवाज पुरतो, गजर, फोनची घंटी, झोपेत दारावर पडलेली थाप; आणि हा प्रकार असलेल्या बायकांना बाळंतपणानंतरचे नऊ महिने विशेष जपावं लागतं. तिसऱ्यात रात्रीची झोप. त्यामुळे पोहता येणारा तरुण माणूस शांत पाण्यात, हाक न मारता, हातपाय न झाडता खाली गेला असेल तर तो बुडून गेला की आधी हृदय थांबलं आणि मग बुडाला, हे विचारावंच लागतं. बहुतेक वेळा बुडणं हे निव्वळ बुडणंच असतं, हेही सांगतो. गाळात पाय रुततो, कपारीवर डोकं आपटतं, पेटका येतो, पैज लागलेली असते. तुमच्या दिरांचं काय झालं हे मला इथे बसून कळणार नाही. पण या शंकेची तपासणी स्वस्त आहे आणि ती न करण्याची किंमत फार मोठी आहे.

समजा, नुसतं समजा, की दिरांना हा दोष होता आणि तो त्यांना आईकडून किंवा वडिलांकडून आला होता. हा दोष जोडीतल्या एका जनुकात असला तरी पुरतो, म्हणून प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे तुमच्या यजमानांकडे असण्याची शक्यता निम्मी, आणि त्यांच्याकडे असला तर मुलीला मिळण्याची परत निम्मी. मिळून चारात एक. 'त्यांना कधी काही झालं नाही' हे ऐकून बरं वाटतं, पण त्याने प्रश्न सुटत नाही. दोष असूनही जन्मभर काही न होणारी माणसं असतात, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की आजार एक पिढी गाळून पुढे गेला. आजार गाळत नाही, तो मधल्या पिढीत गप्प बसतो. आणखी एक समज ओपीडीत रोज भेटतो: मुलीचं दुखणं आईकडून आणि मुलाचं वडिलांकडून. बाप मुलीला आपली निम्मी जनुकं देतोच, नाकडोळ्यांसारखी हृदयाची वायरिंगही देतो. सासरच्या बाजूला कुणी 'पडलं' नसेलही. पण कोण कसं गेलं, हे कुणी मोजलं आहे का?

मी पेशंटच्या घरच्यांना 'घरात कुणाला चक्कर येते का' हे विचारणं केव्हाच सोडलं. उत्तर नेहमी 'हो' येतं आणि त्यातून काही निघत नाही. मी विचारतो, घरात चाळिशीच्या आत कोण गेलं आणि जाताना ते काय करत होतं. मग गोष्टी बाहेर येतात. झोपेत गेला, साप चावला असेल म्हणतात. कबड्डी खेळता खेळता पडला, दृष्ट लागली. सरळ रस्त्यावर, समोर कुणी नसताना मोटरसायकल झाडावर गेली. बाळ पाळण्यात होतं तसंच राहिलं. आत्याला मिरगी होती, गोळ्यांनी कधी थांबली नाही. यांतली प्रत्येक गोष्ट एकेकटी काही सांगत नाही. एकाच घराण्यात दोन सापडल्या की मी पेन खाली ठेवून नीट ऐकतो.

लाँग क्यूटीचं आणखी एक रूप आहे, आणि आपल्याकडे ते मुद्दाम सांगायला हवं. १९५७ साली नॉर्वेतल्या येर्वेल आणि लांगे-नील्सन या डॉक्टरांनी एका कुटुंबाचं वर्णन केलं: सहा भावंडांतली चार जन्मतः बहिरी, चौघांनाही पुन्हा पुन्हा घेरी, आणि त्यांतली तीन लहानपणीच दगावली. इथे आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं. नात्यात लग्न झालं असेल तर ती गाठ पडण्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी हक्काची मानणारी घरं महाराष्ट्रात आजही कमी नाहीत. म्हणून जन्मतः ऐकू न येणारं मूल घाबरल्यावर, रागावल्यावर किंवा धावताना बेशुद्ध पडत असेल तर ईसीजी झाल्याशिवाय त्याला मिरगीचा शिक्का मारू नये. कानाच्या ऑपरेशनची भूल तर ईसीजीशिवाय देऊच नये.

बाकीचे वारसे भरभर सांगतो. ब्रुगाडा सिंड्रोम, हाही हृदयाच्या विजेचाच दोष, १९९२ साली पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा या भावांनी मांडलेला: पुरुषांत जास्त, मृत्यू बहुधा झोपेत किंवा तापात, अशा घरात ताप आला की अंगावर काढायचा नाही, लगेच उतरवायचा. सीपीव्हीटी नावाचा प्रकार आणखी फसवा, कारण बसल्या जागी काढलेला ईसीजी चक्क नॉर्मल येतो. ट्रेडमिलवर पळवल्याशिवाय तो तोंड दाखवत नाही. ही मुलं पळताना किंवा भांडताना पडतात आणि वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या खातात.

हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, साधारण पाचशेत एकाला असतो, आणि त्याचाही वारसा निम्म्या शक्यतेने उतरतो. यात चढ चढताना, पळताना किंवा पळून थांबल्याबरोबर शुद्ध जाते. आपल्या उपखंडाची यात एक खास नोंद आहे. एमवायबीपीसी३ या जनुकाचं, डीएनएच्या २५ अक्षरांचा एक तुकडा गळालेलं रूप भारतीयांत शंभरातल्या सुमारे चौघांकडे असतं, असं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. बाकीच्या जगात ते जवळपास सापडत नाही. बदल फार जुना, हजारो वर्षांपूर्वीचा, म्हणून आसेतुहिमाचल पसरलेला. ते असलेल्या बहुतेकांना तरुणपणी काहीच होत नाही. उतारवयात स्नायू दुबळा पडण्याचा धोका मात्र वाढतो. हे सांगतोय अशासाठी की हल्ली घरपोच जनुक तपासणीच्या जाहिराती दिसतात, आणि त्यात हा तुकडा गळालेला दिसला म्हणून धास्तावून लोक येतात. नुसत्या कागदावरून हृदय जाड ठरत नाही. इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करा, मग बोलू.

आता तुमच्या घरापुरतं. ईसीजी एकट्या मुलीचा काढू नका, यजमानांचाही काढा. तिला भावंडं असतील तर त्यांचाही. सासूबाई आणि सासरे तयार असतील तर उत्तमच, कारण दोष खरंच असेल तर तो त्या दोघांपैकी एकाकडे असणार. ईसीजी बघणाऱ्याला स्पष्ट सांगा, 'क्यूटी मोजून द्या, घरात तरुण वयात बुडून मृत्यू आहे.' मशीन वर छापतं त्या आकड्यावर विसंबून चालत नाही. हाताने मोजून, ठोक्यांच्या वेगाप्रमाणे सुधारून घ्यावा लागतो. हा सुधारलेला आकडा मोठ्या पुरुषात ४५० आणि बाईत ४६० मिलिसेकंदांपर्यंत ठीक समजतात. ४८०च्या वर गेला की हृदयरोगतज्ज्ञांकडे, ५०० असेल तर त्याच दिवशी. मधल्या आकड्यांवर घाबरू नका आणि हुरळूही नका. दोष असलेल्या चारांतल्या एकाचा क्यूटी साध्या ईसीजीत नॉर्मल येतो, म्हणून तुमच्या घरच्या इतिहासाला मी मुलीची आणि यजमानांची ट्रेडमिल टेस्टही करायला सांगेन. व्यायाम थांबल्यावरच्या तीन-चार मिनिटांत क्यूटी कसा वागतो, यात पहिल्या प्रकाराची चोरी पकडली जाते. मुलीची एक इकोही होऊ द्या.

जनुक तपासणी आधी नको. ती करायची तर ज्याच्यात काही सापडलंय त्याची पहिल्यांदा, आणि त्याचा नेमका दोष कळला की मग बाकीच्यांत फक्त तो एक शोधायचा. निरोगी माणसाची सरसकट केली तर अहवालात 'अर्थ स्पष्ट नाही' असे दोन-तीन बदल येतात आणि घरातली झोप जाते. दीर हयात नाहीत, त्यांचा नमुना नाही. तेव्हा जिवंत माणसांचे ईसीजी हाच धागा.

दोष सापडलाच तर काय, हेही मनात येईल. बहुतेकांना रोजची बीटा-ब्लॉकर गोळी लागते, प्रोप्रॅनोलॉल किंवा नॅडोलॉल, आणि ती एकही दिवस चुकवायची नसते. थोड्यांना छातीत यंत्र बसवावं लागतं. पोहणं आणि स्पर्धा डॉक्टर ठरवतील तशा. शिक्षण, नोकरी, लग्न, मूल, सगळं होतं. एक यादी मात्र पाकिटात ठेवावी लागते, क्यूटी लांबवणाऱ्या औषधांची. ती औषधं विचित्र नाहीत, केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात: खोकल्याला अझिथ्रोमायसिन, उलटीला ऑनडान्सेट्रॉन किंवा डोमपेरिडोन, जुलाबाला लिव्होफ्लॉक्सासिनच्या कुळातली, बुरशीला फ्लुकोनाझोल. त्यात जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं असलं तर आगीत तेल. ईसीजी होईपर्यंत मुलीला आजारपणात मनाने यातलं काही देऊ नका.

'हे बाहेर कळलं तर पुढे मुलीच्या लग्नाला अडचण येईल' अशी भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण ती असणार. माझ्याकडे येणारी दर दुसरी आई ती दार लावून घेऊन सांगते. उलट उत्तरही मी दर वेळी तेच देतो: लपवून ठेवलेल्या आजारात गोळी चुकते.

सगळं नॉर्मल आलं, आणि तेच येण्याची शक्यता जास्त आहे, तर मुलगी माहेरची ठरली. मग तिला घरातून काहीतरी खाऊन पाठवा, बाटलीतलं पाणी संपवून आली पाहिजे असा दंडक घाला, ब्लडप्रेशर ठीक असेल तर ताक-लिंबूसरबतात मीठ चिमूटभर जास्त. उभं राहावं लागलं तर पायाला पायाची अढी घालून मांड्या आवळायच्या, हाताची बोटं एकमेकांत अडकवून ओढायची. दाब तेवढ्याने सावरतो. अंधारी आली की लाज न धरता तिथेच खाली बसायचं, शिक्षकांना तशी चिठ्ठी द्या. स्विमिंगही सुरू करा, काठावर पोहता येणारं माणूस ठेवून. एवढं मात्र लक्षात ठेवा: पुढे कधी ती धावताना, पाण्यात, गजर वाजल्यावर किंवा काहीही पूर्वसूचना न होता पडली, तर जुने नॉर्मल अहवाल बाजूला ठेवून नव्याने तपासणी.

आणि सासूबाईंशी बोलायचं राहिलं. 'तुमच्याकडचा दोष' असा शब्द काढलात तर दार बंद होईल. त्या माहेर-सासरचा हिशेब मांडतायत, आणि त्यांचा तरणाताठा मुलगा गेलाय. यजमानांना बोलू द्या, तुम्ही जवळ बसा. तो पाण्यात उतरून किती वेळ झाला होता, सूर मारल्याबरोबर वर आला नाही की पोहता पोहता खाली गेला, हाक मारली का, काठावर कोण होतं, त्याआधी कधी खेळताना पडला होता का, लहानपणी आकडी यायची असं कुणी म्हणायचं का. पंचनाम्याचा, शवविच्छेदनाचा कागद ट्रंकेत असेल तर तोही काढा. काठावर असलेला एखादा मित्र गावात अजून असेल. त्याला जे आठवतं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि ईसीजीच्या कागदासोबत घेऊन या.